आधी काकूला

थोरली जाऊ कराटे शिकवायची आणि धाकटी ज्युदो. धाकटी लग्न होऊन घरात येण्याआधी सासूबाई आल्यागेल्याला कौतुकाने सांगायच्या, "माझ्या सुनेच्या तावडीत चोर सापडला, तर चोरालाच वाचवायला धावावं लागेल." पुढे त्या वाक्यात 'सुनेच्या'चं 'सुनांच्या' झालं. बाकी काही बदललं नव्हतं, पण थोरलीला तेवढं एक अक्षर खड्यासारखं दाताखाली यायचं.

छापखान्याच्या वरचा हॉल थोरलीने उभा केला होता. फरशीवरचे शाईचे डाग तिने स्वतः घासून काढले होते, भिंतीला आरसे लावून घेतले होते. खालची यंत्रं धडधडत असायची आणि वर तिची पोरं त्याच तालावर हवेत ठोसे मारायची. धाकटी आली ती मॅटचा गठ्ठा घेऊनच. "ताई, तुमच्या क्लासनंतर हॉल रिकामाच असतो ना?" तिने विचारलं. नव्या नवरीला नाही कसं म्हणायचं? थोरली हो म्हणाली आणि तिथेच फसली.

जेवताना दोघींची जुंपायची. थोरली म्हणायची, "समोरच्याचा हात आपल्याला लागायच्या आत तो आडवा झाला पाहिजे. एकमेकांचे कपडे ओढून कुणी वाचतं का?"

"आणि लागलाच हात तर?" धाकटी विचारायची.

"लागू द्यायचाच नाही."

"पण लागला तर, ताई?"

दोघींचे नवरे ताटात डोकं घालून जेवत राहायचे.

हे सगळं थोरलीने पचवलं असतं. तिच्याकडची चार पोरं धाकटीकडे गेली, तेही तिने एकवेळ गिळलं. पण एके दिवशी तिची स्वतःचीच लेक गेली. तान्ही असताना सगळ्यांना ओरबाडायची म्हणून तिला घरात मनी म्हणत. आता ती आईपेक्षा उंच झाली होती, कमरेला तपकिरी पट्टा होता, काळ्या पट्ट्याची परीक्षा तोंडावर आलेली.

"आई, मी थोडे दिवस काकूकडे शिकते," ती म्हणाली.

"आणि परीक्षा?"

"बघू नंतर."

बघू! थोरलीचा जीव त्या एका शब्दाने करपून गेला. कुणी पक्षपाताचं बोट दाखवू नये म्हणून तिने मनीला इतरांपेक्षा जास्तच ताणलं होतं. सगळ्यांची एक चूक माफ व्हायची, मनीची कधीच नाही. आणि आता थोरली हॉलच्या दाराशी रेंगाळली की आतून मनीच्या हसण्याचा आवाज यायचा. काकूने उचलून मॅटवर आपटलं तरी ही बया हसायची! माझ्या क्लासमध्ये ही कधी हसली होती? थोरलीने आठवून पाहिलं. एकदाही आठवेना.

मग काकू-पुतणी रोज संध्याकाळी बरोबरच घरी यायला लागल्या. धाकटी आपला क्लास लवकर आटपायची, मनीच्या शिकवणीच्या दारात जाऊन उभी राहायची. थोरली खिडकीतून बघायची. काकूच्या दंडात हात अडकवून मनी चालायची. आईचा हात तिने पाचवीत असतानाच सोडला होता, मैत्रिणी हसतात म्हणून. थोरली खिडकीतून बाजूला व्हायची आणि भांडी अशी घासायची की सासूबाई आतून म्हणायच्या, "अगं, त्या पातेल्याने काय बिघडवलंय तुझं?"

एका रविवारी ती किल्ल्या विसरली म्हणून हॉलवर परत गेली. दार लोटलेलं होतं. आत धाकटी मनीचं मनगट हातात धरून निरखत होती.

"सूज उतरली. तो परत दिसला का कुठे?"

"नाही."

"आईला सांगितलंस?"

"नाही. काकू, प्लीज, तूही नको सांगूस."

थोरलीने दार ढकललं. "कोण तो?"

दोघी चोरी पकडली गेल्यासारख्या दचकल्या. मग मनीनेच सांगितलं, मॅटकडे बघत. शिकवणीच्या इमारतीला मागे एक अरुंद जिना होता. गेल्या आठवड्यात ती त्या जिन्याने उतरत होती. मागून एक माणूस आला, मनगट पकडून खेचायला लागला. तिने लाथ उचलली, पण पायरीवर पाय नीट टेकला नाही आणि ती पडली. तो अंगावर आला. मग तिने कंबर जोरात वर उचलली, कूस वळवली, तो घरंगळला आणि ती धावत परत वर वर्गात गेली. माणूस पळाला. सरांनी त्या दिवसापासून मागचं दार बंद केलं होतं.

थोरली ऐकत होती. लेकीला जवळ घ्यावं म्हणून ती पुढेही झाली. आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"लाथ कुठल्या पायाने मारलीस?"

मनीने काकूकडे पाहिलं. "बघ. मी म्हटलं नव्हतं?"

थोरली मागे वळली आणि जिना उतरून गेली. खाली छापखाना बंद होता. कागदाच्या रिमांना टेकून ती उभी राहिली. पोर सुखरूप आहे, हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि दर वेळी त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी डोकं वर काढत होतं. माझं काहीच कसं कामाला आलं नाही? इतकी वर्षं घोटून घेतलं, आणि ऐन वेळी धाकटीचं उपयोगी पडलं? पोरीवर बेतलं होतं आणि आपण हे मोजतोय, याची तिला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मत्सर कुठे जातो! तो तसाच बसून राहिला, आगंतुक पाहुण्यासारखा.

धाकटी खाली आली.

"तू मला सांगायला हवं होतंस," थोरली म्हणाली.

"हो, पहिल्याच दिवशी."

"मग?"

"तिने शपथ घातली होती. पण ते निमित्त झालं." धाकटी म्हणाली, "खरं सांगू, ताई? तुम्हाला सोडून ती माझ्याकडे आली, याचं मला बरं वाटलं. म्हणून गप्प बसले."

थोरलीला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आणि त्याच वेळी, का कोण जाणे, जरा हलकंही वाटलं. जळणारी या घरात आपण एकटीच नाही तर.

"उद्या पोलिसांत मी नेणार तिला," ती म्हणाली. "मी. तू यायचं नाही."

"नाही येणार."

त्या रात्री तिने मनीला काहीही विचारलं नाही. फक्त तिच्या मनगटाला तेल चोळत बसली. बऱ्याच वेळाने मनी आपणहून म्हणाली, "उजव्या पायाने, आई."

"असू दे गं," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तक्रार लिहून घेणाऱ्या पोलिसाने सगळं ऐकलं आणि मान वर केली. "कंबर उचलून सुटलीस? हे कुठे शिकलीस?"

मनी आईकडे बघून घुटमळली. थोरलीच म्हणाली, "तिच्या काकूकडे. माझी धाकटी जाऊ ज्युदो शिकवते." दाढ उपटावी तसे शब्द निघाले. मग राहवलं नाही म्हणून ती पुढे म्हणाली, "कराटेचा तपकिरी पट्टा मात्र माझ्याकडचा आहे."

पोलिसाने ते लिहून घेतलं नाही. मनी खाली मान घालून हसू दाबत होती.

संध्याकाळी कराटेचा क्लास सुटल्यावर थोरली घरी गेली नाही. धाकटी मॅट पसरत होती, मनी तिला मदत करत होती. थोरलीने काळा पट्टा सोडला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि मॅटवर उताणी पडली.

"धर मला," ती धाकटीला म्हणाली. "अगदी तो अंगावर आला होता तसं."

धाकटीने तिला धरलं, आणि काही कमी-जास्त न करता धरलं. थोरलीने हात झटकले, कोपर मारायला पाहिलं, पाय झाडले. छातीवरचं ओझं तसूभर हललं नाही. तिचा चेहरा लालबुंद झाला.

"आई, कंबर!" मनी कडेला उभी राहून ओरडत होती. "हात नको, कंबर! अगं आई, काय करतेस!" आणि ती हसत होती, खळखळून, पोट धरून.

"सोडू का, ताई?" धाकटीने विचारलं.

"खबरदार सोडलंस तर," थोरली धापा टाकत म्हणाली आणि तिने कंबर उचलली.