पाच लेग्वा वळसंग

"मौनात असताना कुणाच्या दाराशी उभी राहू नगं," सासूबाई सांगायच्या. "अर्धं ऐकशील आन् इचारता यायचं न्हाय."

उठल्यापासून अंगणात ऊन येईपर्यंत मी बोलत नाही. हा नेम त्यांनीच लावलेला. तरी त्या आठवड्यात मी रोज सुनेच्या दाराशी थांबले. मुलगा नंदीश कामासाठी पुण्यात. आत उत्कर्षा एकटीच हळू आवाजात परकी भाषा बोलायची. मला कळे ते एवढंच: किलोमेत्रोस. आणि मध्येच, स्पष्ट, वळसंग.

वळसंग तिचं माहेर. तिची आई गोजाबाई गेल्या वर्षी वारली. जाताना माझा हात धरून म्हणाली, लेकीला एकटं पडू देऊ नका. मी हो म्हटलं होतं. आणि आता ही अंतरं मोजत होती. ज्याला राहायचंय तो अंतरं कशाला मोजेल?

कपाटावरची पिशवी खाली आली होती. आत एक साडी, एक नारळ. ती अंघोळीला गेल्यावर मी वहीही उघडली. देवा, माफ कर. सात रस्ता, मंद्रूप, वळसंग, प्रत्येकापुढे आकडे. वळसंगपुढे 'पायी', खाली दोन रेघा.

अंगणात ऊन आलं. मी विचारलं, "घर सोडून निघालीस का गं?"

ती म्हणाली, "आत्या, पळून जायला एस्टी आहे की. पायी कोण पळतं?"

मग सगळं सांगितलं. सात रस्त्याच्या ऑफिसात तिला नोकरी लागली होती. स्पेनमधल्या प्रवाशांना फोनवर रस्ता सांगायचा, पंप किती मीटरवर, गाव किती किलोमीटरवर. तिथली भाषा शिकवणारे सर म्हणाले, ओळखीच्या गावांवर घोका. जुनं मापही शिकवलं, लेग्वा: माणूस तासाभरात चालेल तेवढी वाट. वळसंग पाच लेग्वा.

"पण पायी का?"

तिचा आवाज खाली गेला. "माझ्या नोकरीसाठी आईनं वळसंगच्या बिरदेवाला नवस बोललेला. अनवाणी येऊन नारळ वाहीन म्हणून. तो मी फेडीन, असं तिला सांगितलंय. तुमी एकटीला सोडणार नाही, म्हणून बोलले नाही."

मी तिची पिशवी परत कपाटावर ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी फटफटताना ती अनवाणी निघाली. माझं मौन होतं. मीही येते म्हणता आलं नाही. पाण्याची बाटली घेतली, माझ्या चपला दाराआड सारल्या आणि तिच्या मागून जिना उतरले.