तुसांची उशी

मी ड्रायर बोलतेय. कपडे वाळवायचं मशीन. हो, बोलतेयच, बोलतोय नाही. रुंदी आणि उंची जवळपास सारखीच, डोकं तापायला दोन मिनिटं पुरतात, आणि दिवसभर दुसऱ्यांचेच कपडे. मला बाई म्हणायला अजून काय पुरावा हवा?

माझ्या जन्माबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कारखान्यातल्या एका लांब पट्ट्यावरून सरकत सरकत मी घडले. कुणी पोटात ड्रम बसवला, कुणी पाठीशी पंखा लावला, कुणी दार. शेवटी एका बाईने माझ्यात एक ओला टॉवेल टाकून मला फिरवून बघितलं आणि कपाळावर 'पास' लिहिलेला कागद चिकटवला. आयुष्यात पास झाल्याचा तेवढा एकच कागद माझ्याकडे होता. तोही घरी आले त्याच दिवशी सुनेने नखाने खरवडून काढला.

घर तिसऱ्या मजल्यावरचं. माणसं चार. सासूबाई, सासरे, मुलगा आणि सून. गॅलरीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, त्यामुळे ऊन यायचं ते पाहुण्यासारखं, उभ्याउभ्या. चादरी तीन-तीन दिवस ओल्या राहायच्या आणि मुलगा ऑफिसला जाताना शर्टाची बाही हुंगून बघायचा. म्हणून सुनेने मला आणायचं ठरवलं. सासूबाईंचा विरोध होता. कपडे दोरीवरच वाळले पाहिजेत, गरम हवेत गरगर फिरवल्यावर त्यांचं काय राहणार, असं त्यांचं म्हणणं. कपड्यांचं म्हणताना त्या माझ्याकडे असं बघत होत्या की जणू मी मुलाला सांगून आलेलं दुसरं स्थळ आहे.

मला बसवायला आलेल्या माणसाने सगळं नीट समजावून सांगितलं. कपड्यांतून बारीक तुसं सुटतात, ती दाराशी असलेल्या या जाळीत अडकतात. प्रत्येक वेळी कपडे काढले की जाळी काढायची, तुसं पुसायची, जाळी परत बसवायची. मागून ही जाड नळी भिंतीतून बाहेर जाते, तिच्यातून गरम हवा जाते, ती अधूनमधून साफ करून घ्यायची. त्या वेळी मुलगा फोनमध्ये होता. सून साबणाचा डबा कुठे ठेवायचा ते बघत होती. सासरे गॅरंटीचा कागद दोन्ही बाजूंनी वाचत होते. त्याचं बोलणं कान देऊन ऐकलं ते एकट्या सासूबाईंनी. खोट काढायची म्हणजे नीट ऐकावंच लागतं.

पहिला घाणा निघाला तशी त्यांनी माझी जाळी काढली. तिच्यावर राखाडी तुसांचा मऊ थर बसला होता. तो त्यांनी दुधावरची साय काढावी तसा अलगद उचलला आणि थेट जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"बघा. आपले कपडे खातंय हे मशीन," त्या म्हणाल्या.

मुलाने ताट थोडं पलीकडे सरकवलं.

हा पुरावा त्या रोज गोळा करायला लागल्या. महिन्याच्या शेवटी एकदम सगळा समोर मांडायचा, असा बेत होता. पण आठवडाभरात काहीतरी बिनसलं. एकदा तुसांचा गोळा हातात घेऊन त्यांनी तो दाबला. सोडला. परत दाबला. दारापर्यंत जाऊन कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि मग तो गालाला लावला.

दुसऱ्या दिवशी माझ्या मागच्या खिळ्यावर एक कापडी पिशवी लटकली. सासूबाईंनी उशी करायला घेतली होती.

तिथून पुढचे अकरा महिने माझ्या आयुष्यातले सुखाचे. का, ते नीट ऐका. प्रत्येक घाण्यानंतर सासूबाई हजर. जाळी ओढायची नाही, डावीकडून उचलायची, ही युक्ती त्यांना सापडली होती. रंगावरून कपडे कुणाचे ते त्या सांगायच्या. निळसर आली की मुलाची जीन, गुलाबी आली की सुनेचा तो केस सोडणारा स्वेटर. सासऱ्यांचे गुडघ्याला तेल चोळलेले टॉवेल त्या माझ्याजवळ फिरकू देत नव्हत्या. ते कितीही धुतले तरी तेलकट राहतात आणि उशीला वास लागेल, हे त्यांचं कारण. ते टॉवेल आपले दोरीवर. घरात कुणी नसताना मला चालू केलेलं त्यांना खपायचं नाही, कारण तुसं गरम असताना काढली तर अखंड निघतात. माझ्या शेजारी स्टूल टाकून त्या पेपर वाचत बसायच्या. मी थांबून पोट थंड करेपर्यंत त्यांचं कोडं सुटलेलं असायचं.

थोडक्यात, माझी जेवढी म्हणून काळजी घ्यायला हवी तेवढी ही बाई घेत होती, आणि त्यातली कणभरही माझ्यासाठी नव्हती.

मला धाकधूक एकाच गोष्टीची. ती पिशवी माझ्या गरम नळीला टेकून फुगत चालली होती. तुसं किती पटकन पेटतात ते मला ठाऊक आहे, माझा जन्मच त्यांच्यासोबत गेलाय. पण मी सांगणार कशी? मला एकच आवाज काढता येतो, तो काम संपल्याचा, आणि तो ऐकूनही या घरात अर्ध्या तासाशिवाय कुणी उठत नाही.

एका रविवारी सुनेच्या ऑफिसच्या मैत्रिणी येणार होत्या. ती माझ्या मागे झाडायला वाकली आणि पिशवी तिच्या डोक्यावर आली. तिने आत हात घातला, किंचाळायचं टाळलं, आणि पिशवी उचलून खाली कचऱ्यात टाकून आली. सासूबाई तेव्हा आंघोळीला गेल्या होत्या.

संध्याकाळी पाहुण्या गेल्यावर सासूबाईंनी खिळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी काय करणार, माझं दार उघडं, पोट रिकामं.

"अगं, इथली पिशवी?"

"कचरा होता तो, आई. टाकला."

"माझी उशी अर्धी झाली होती," सासूबाई म्हणाल्या. बस, एवढंच. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी बॅग भरून त्या लेकीकडे गेल्या. किती दिवसांसाठी, ते सांगितलं नाही. सासऱ्यांनी विचारलं तर म्हणाल्या, इथल्या स्टुलावर बसून आता करू काय?

सुनेला वाईट वाटलं, पण ती ते कबूल करेना. कचऱ्याची कुठे उशी असते का, असं ती नवऱ्याला दिवसातून दोनदा विचारायची. त्याचं उत्तर एकच, "मी कुठे काय म्हणतोय?"

इकडे माझा श्वास कोंडायला लागला. जाळीला कुणी हातच लावेना. तुसं जाळीवर साचली, मग जाळीच्या कडेने निसटून नळीत जाऊन बसली. तासाभराचे कपडे दोन तासांत वाळेनात. मुलगा माझ्यावर थाप मारायचा आणि परत बटण दाबायचा. एकदा ते ओलसर निघाले म्हणून त्याने उष्णता सगळ्यात वर नेली. नाक चोंदलेल्या माणसाला जिना चढायला लावावं तसं. सून म्हणायची, "वर्ष झालं नाही तर म्हातारं झालं हे मशीन." मला वयावरून बोललेलं लागतं.

आणि मग ती दुपार आली. सुनेला सुट्टी होती. तिने सगळे टॉवेल एकत्र धुतले, सासऱ्यांचे तेलाचेही, आणि माझ्यात कोंबले. मला चालू करून ती कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेली. सासरे बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत. दहा मिनिटांत त्यांचं घोरणं माझ्या आवाजात मिसळलं.

गरम हवा आत येत होती आणि बाहेर जायला वाट नव्हती. ड्रम तापला. टॉवेलातलं तेल तापलं. मला माझाच करपल्याचा वास यायला लागला. खोटं कशाला बोलू, आधी मी स्वतःसाठी घाबरले. मग भिंतीपलीकडून ते घोरणं ऐकू आलं, इतकं निवांत, आणि मला कळेना की या माणसाला उठवायचं कसं. थरथरले. दार वाजवलं. त्यांनी झोपेत कूस बदलली.

माझ्या पाठीत एक छोटा पुर्जा आहे. उष्णता हद्दीबाहेर गेली की तो जळतो आणि मला येणारी वीज तोडतो. एकदाच कामाला येणारा, नंतर बदलावाच लागतो. तो पुर्जा त्या क्षणी जळला आणि मी जागच्या जागी बेशुद्ध पडले. बायका वेळेवर चक्कर येऊन पडतात म्हणून लोक हसतात. हसू द्या. मी पडले म्हणून ते घर उभं राहिलं.

सून परत आली ती वासाच्या मागोमाग धावतच आत. आधी तिने प्लग काढला, मग सासऱ्यांना उठवून बाहेर जिन्यावर नेऊन बसवलं. मी गार झाल्यावर दार उघडलं तर एका टॉवेलावर तपकिरी डाग पडला होता, तळहाताएवढा. ती तो टॉवेल हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. संध्याकाळी मुलगा म्हणाला, भंगारवाल्याला देऊन टाकू. सून म्हणाली, आधी कुणालातरी दाखवू.

दुरुस्तीवाल्या बाई दुसऱ्या दिवशी आल्या. बोलणं कमी, स्क्रूड्रायव्हर दातात. माझी पाठ उघडली, नळी सोडवली आणि आतून तुसांचा एक गोळा ओढून काढला. झोपलेल्या मांजराएवढा. मला एकदम इतका श्वास आला की रडूच आलं असतं, पण ओलावा काढून टाकणं हा माझा धंदा.

"नळी पहिल्यापासून अशी तुंबली असती तर हे मशीन कधीच गेलं असतं," त्या म्हणाल्या. "आधी जाळी कोण साफ करायचं?"

मुलगा सुनेकडे बघायला लागला, सून माझ्याकडे.

"आमची ही," सासरे म्हणाले. "उशीसाठी."

बाईंनी उशीची सगळी हकीकत ऐकून घेतली, हसल्या नाहीत. चिमूटभर तुसं घेऊन सिंकपाशी गेल्या आणि काडी लावली. भप्प. डोळ्याची पापणी लवायच्या आत काही शिल्लक नाही. सासरे खुर्चीत हळूच बसले. "आणि हिचा बेत यावर डोकं ठेवून झोपायचा होता," ते म्हणाले. सुनेचं लक्ष खिळ्याकडे गेलं. पिशवी टाकली ते बरोबरच होतं, आणि तरीही चूक तिचीच होती. असं गणित घरातच जमतं.

बाईंनी जळलेला पुर्जा बदलला, मला भिंतीपासून पुढे ओढलं, नळीचं वेटोळं सरळ केलं. माझी वायर टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डात खुपसलेली होती, ती काढून सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये लावली. तेलाचा टॉवेल या मशीनमध्ये पुन्हा टाकाल तर मला बोलावू नका, अग्निशामक दलाला बोलवा, असं सासऱ्यांना बजावलं. सासरे मान डोलवत राहिले.

त्या गेल्यावर सून माझी जाळी हातात घेऊन स्टुलावर बसली. सासूबाईंच्याच. जाळी परत बसत नव्हती. तिने फोन लावला.

"आई, ही जाळी कशी काढता-घालता तुम्ही?"

"तू ओढलीस ना?"

"हो."

"वाटलंच. डावीकडून उचलायची."

सुनेने मग सगळं सांगितलं. डाग, गोळा, काडी. सासरे झोपलेले होते हेही सांगितलं. "या ना आता घरी," ती म्हणाली.

"म्हणजे उशी करायचीच नाही?"

"नाही, आई. भडकन पेटते ती."

"मग जाळी साफ करायची कशासाठी?"

"घर जळू नये म्हणून."

सासूबाईंनी विचार केला. "एवढ्याचसाठी?" त्या म्हणाल्या, जरा निराश होऊन. पण शनिवारी आल्या.

आता दारापाशी, माझ्यापासून लांब, झाकणाचा एक पत्र्याचा डबा आहे. तुसं त्यात जातात आणि रोज खाली कचऱ्यात. नळी साफ करायची तारीख सासऱ्यांनी भिंतीवर लिहिलीय, कारण कागद हरवतो. जाळीवर मात्र दोघींचा हक्क आहे, आणि सासूबाईंनी सुनेला शिकवायला महिना लावला. ओढू नकोस. घाई करू नकोस. अगं, माझ्याकडे नको बघूस, जाळीकडे बघ.

तुमच्याही घरात माझी कुणी बहीण असेल, बाथरूमच्या कोपऱ्यात, वर कपड्यांचा ढीग घेऊन. तिला श्वास घेऊ द्या, एवढंच मागणं. उशीसाठी करा, रागाने करा, तिच्यात खोट काढायला करा. कारण कुठलंही असो, मला चालतं.

परवा सुनेने पहिल्यांदा अखंड थर काढला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, कुठे फाटला नाही. डब्याकडे जाता जाता ती थांबली. दाराबाहेर कुणी नाही ना ते बघितलं आणि तो गालाला लावला.

"आई," ती म्हणाली, "खरंच मऊ आहे हो."

सासूबाईंनी पेपरातून मान वर केली नाही. "मग मी काय वेडी होते का," त्या म्हणाल्या. "टाक आता."

डब्याचं झाकण लागलं. आणि मी, पोट रिकामं, श्वास मोकळा, पुढच्या ओल्या चादरींची वाट बघत उभी आहे.