बारा वाजून चार मिनिटांचा निरोप

मंगळवारी पहाटे पाच वाजून सतरा मिनिटांनी माझा जन्म झाला. मिनिटांसकट सांगतो, कारण तेव्हा खोलीत एक घड्याळ होतं आणि ते बरोबर चालत होतं. घरात घड्याळं दुरुस्त करणाराच राहत असल्यावर दुसरं काय होणार? मी रेडिओ ला कुएस्ता. होंडुरासच्या डोंगरातलं एवढंसं केंद्र. एक खोली, एक माइक, गाण्याच्या तबकड्यांची एक पेटी आणि छपरावर पाइनच्या खांबाला बांधलेली तार, एवढाच माझा संसार.

मला जन्म दिला आबेलार्दो त्रोचेस यांनी. घड्याळं दुरुस्त करता करता त्यांनी मोडक्या यंत्रांमधून माझे अवयव जमवले. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून बाहेर पडली ती त्यांची शिंक. मग त्यांनी विचारलं, आवाज येतोय का? उत्तर यायला दुपार झाली. पलीकडच्या डोंगरावरची एक बाई मक्याची टोपली घेऊन उतरली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "येतोय. पण जरा हळू बोला, कोंबड्या बिचकतात."

गाणी मी वाजवायचो, पण लोक माझी वाट बघायचे ती निरोपांसाठी. अमक्याला सांगा, आईला बरं आहे. तमक्याला सांगा, शनिवारी खेचर घेऊन ओढ्याजवळ उभा राहा. पहाटे एकदा आणि दुपारी बाराला एकदा असे निरोप वाचले जायचे. आता दहा घरांत मिळून रेडिओ एक. मग बाकीच्या नऊ घरांचं काय? त्यासाठी आबेलार्दोंनी नियम घातला होता. ज्याला ऐकू येईल त्याने हातातलं काम टाकून उंबऱ्याबाहेर यायचं आणि पुढच्या घराला ओरडून सांगायचं. ऐकलं तसंच सांगायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही. एकदा कुणीतरी "मामा आजारी" या निरोपाला पदरचे चार शब्द जोडले होते आणि मामा जिवंत असताना घरात रडारड झाली होती. तेव्हापासून हा नियम देवाच्या आज्ञेसारखा पाळला जायचा.

आबेलार्दोंची नजर मंदावली तेव्हा त्यांची भाची एदुविना माइकसमोर बसू लागली. नवरा कामासाठी किनाऱ्यावर गेलेला, कडेवर सात महिन्यांचा चेपितो. निरोप वाचतानाही तिचं एक बोट बाळाच्या छातीवर असायचं, श्वास चालू आहे ना ते बघायला. आबेलार्दो तिला चिडवायचे, अगं, तो घड्याळ नाही, थांबायचा नाही. ती हसायची, पण बोट काढायची नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो.

आदल्या संध्याकाळी माझ्या तारेवर वीज पडली. खांब उभा चिरला, आतले भाग जळून गेले आणि मी मुका झालो. सकाळी आबेलार्दो माझ्या पोटात डोकं घालून बसले होते. साडेअकराला दवाखान्यातली नर्स ओविदिया धावत आली. पायात एकच चप्पल होती.

झालं होतं असं. सकाळी सातला लास मेसितासची फिदेलिना बाळाच्या खोकल्याचं औषध घेऊन गेली होती. ओविदियाने अकराच्या सुमाराला फडताळ आवरायला घेतलं, तेव्हा खोकल्याच्या बाटल्या आधी होत्या तेवढ्याच निघाल्या. कमी होती ती सांधे चोळायच्या औषधाची बाटली. तोच रंग, तसंच बूच. बाळ सहा महिन्यांचं. घरी पोचल्यावर पहिला चमचा दे, असं ओविदियानेच बजावून सांगितलं होतं. लास मेसितासला पायी जायला सहा तास लागतात. म्हणजे ती एकच्या सुमाराला पोचणार. खेचर पळवलं तरी कुणी तिला गाठणार नव्हतं.

एदुविना माझ्याकडे बघत राहिली. आबेलार्दोंनी मान हलवली, चार दिवस तरी नाही. तिने निरोप कागदावर उतरवला. चेपितोला कडेवर घेतलं, निरोपाचा कागद उचलला आणि देवळामागच्या टेकडीवर चढली. पुढचं मी पाहिलेलं नाही. नंतर एकेकाने माझ्याच माइकवर येऊन सांगितलं, तेच मी तुम्हाला सांगतोय.

समोरच्या उतारावर नोलास्को काका कॉफी तोडत होते. त्यांचा रेडिओ झाडाच्या फांदीला टांगलेला. बारा वाजले तरी नुसती खरखर. रेडिओ बिघडला की काका त्याला चापटी मारायचे, हे त्यांचं जुनं औषध. त्यांनी एक मारली. दुसरी मारली. तिसऱ्या चापटीला एदुविनाचा आवाज आला, दरीवरून, वाऱ्याबरोबर. काकांना वाटलं, जमलं.

आवाज म्हणत होता, "निरोप लास मेसितासच्या फिदेलिनासाठी. बाटलीतलं औषध बाळाला देऊ नको. एक थेंबही नको. ते अंगाला चोळायचं आहे, पोटात घ्यायचं नाही. बारा वाजून चार मिनिटं झाली आहेत. थांब रे चेपितो, देते दूध."

आता बघा, टेकडीवरून कुणी बाई ओरडतेय असं काकांना कळलं असतं, तर त्यांनी आधी विचारलं असतं, काय झालं, कोण म्हणतं, बाळ कुणाचं, आणि त्यातच अर्धा तास गेला असता. पण रेडिओला कोण प्रश्न विचारतो? त्यांनी टोपली खाली ठेवली, कडेला आले आणि खालच्या ओढ्यावर कपडे धुणाऱ्या बायकांना ऐकलं तसं सगळं सांगितलं. बायकांनी वरच्या वाटेवरच्या खेचरवाल्याला. त्याने पलीकडच्या कुरणाला. कुरणातून एका गवंड्याला, जो भिंतीवर चढलेला होता म्हणून त्याचा आवाज दोन डोंगर गेला. वेळसुद्धा कुणी बदलली नाही. बारा पंचवीसलाही बारा वाजून चार मिनिटंच झाली होती.

शेवटचं घर म्हाताऱ्या कासिमिराचं. तिथून फिदेलिनाचं घर झाडीआड, ओरडून ऐकू जात नाही. कासिमिरा तव्यावरच्या मक्याच्या तोर्तिया तशाच सोडून काठी टेकत निघाली.

फिदेलिना त्या दिवशी झपाझप चालली होती. बाळ खोकत होतं म्हणून तिने वाटेत बसायचंही टाळलं. पाऊण वाजताच घरी पोचली. बाळाला मांडीवर घेतलं, बाटली उघडली, चमचा भरला. त्या वासाने बाळाने तोंड फिरवलं, तर ती त्याला म्हणाली, शहाणा ना माझा, एवढा एकच घे.

दारात कासिमिरा उभी राहिली. धाप लागली होती, तरी आधी दम घेतला नाही. सगळा निरोप म्हणून टाकला, थेंबासकट, वेळेसकट, चेपितोसकट.

फिदेलिनाने चमचा जमिनीवर उपडा केला. बाळाला छातीशी धरलं. मग तिने विचारलं, "आजी, चेपितो कोण?"

"मला काय माहीत? पण त्याला भूक लागलीय."

तिसऱ्या दिवशी फिदेलिनाचा नवरा अंडी घेऊन खाली आला. ओविदिया तोंड लपवायला बघत होती. तिने त्याच्या हातात खोकल्याची खरी बाटली दिली, आणि त्या दिवसापासून आजतागायत ती प्रत्येक बाटली देण्याआधी उघडून वास घेते. नवऱ्याला मात्र एवढंच विचारायचं होतं की चेपितोला दूध मिळालं का. सगळ्या डोंगरावर लोक विचारत होते म्हणे.

मी चार दिवसांत नाही, अकरा दिवसांत बरा झालो. त्या अकरा दिवसांत एदुविना रोज बाराला टेकडीवर गेली आणि रोज निरोप पोचले. वीज नाही, तार नाही, खांब नाही, तरी मी एकही दिवस बंद नव्हतो. हे लिहून ठेवावं असं मला फार वाटतं. रविवारी साठ-सत्तर माणसं नवा खांब खांद्यावर घेऊन चढाला लागली. अर्ध्याहून जास्त जणांच्या घरी रेडिओही नव्हता. नोलास्को काकांना कुणीतरी सांगितलं, काका, त्या दिवशी रेडिओ बंद होता. काका म्हणाले, "बंद होता? मग माझ्या चापटीचं जास्तच कौतुक करा."

आता शहरातली मोठी केंद्रं आहेत, माथ्यावर मोबाइलही लागतो. दऱ्यांमध्ये मात्र अजून मीच. मध्यंतरी एक साहेब वही घेऊन आले आणि विचारू लागले, तुमचे श्रोते किती? एदुविनाने त्यांना बाराला उंबऱ्यावर उभं केलं. एका डोंगरावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या हाका त्यांनी ऐकल्या आणि वही मिटली.

माझी खरखर वाढलीय, खरं आहे. पण माझं आज एक काम आहे, तेवढं करा. येत्या गुरुवारी सकाळी नऊला ओकोतालच्या शाळेत बाळांना लस देणार आहेत. थंडी आहे, बाळाचे कान झाकून आणा. खालच्या वळणावर नवं जोडपं राहायला आलंय, त्यांची मुलगी दोन महिन्यांची आहे आणि त्यांच्या घरी रेडिओ नाही. तुम्ही हे ऐकलंत ना? मग उठा आणि त्यांना हाक मारा.