इस्त्रीच्या दुकानातली अवतारी मांजर

सकाळी आठच्या आत इस्त्रीच्या दुकानासमोर ही रांग लागली, पण कपडे एकाच्याही हातात नव्हते. सगळ्यांना ठमीचं दर्शन हवं होतं.

ठमी म्हणजे दुकानवाल्या मावशींची मांजर. चार दिवसांपूर्वी ती घडीच्या पांढऱ्या चादरीवरून उठली आणि खाली रक्ताचे ठिपके दिसले. मावशी घाबरल्या. तेवढ्यात झब्बा न्यायला आलेले लखोटेबाबा (बंद लखोट्यातला प्रश्न न उघडता ओळखतात म्हणे) डोळे मिटून जे डोलायला लागले, ते थांबेचनात.

"देवी ऋतुमती झाली! आता हिला डॉक्टरची सुई टोचलीत, तर कोप झालाच म्हणून समजा!"

अवतार मावशींना फारसा पटला नव्हता. पण कोप म्हटल्यावर त्यांनी डॉक्टरकडे जायचं टाळलं. ठमी घटाघटा पाणी पिई, खाण्याला तोंड लावेना, सारखी मागची बाजू चाटत बसे. पोट टम्म फुगलेलं. बाबा म्हणत, "उपवास आहे तिचा."

आज तर तिला उठवेना. आतल्या खोलीत कपड्यांच्या टोपलीत ती निपचित पडली होती. बाबांचं काही अडलं नाही. त्यांनी बाहेर पिवळं कापड अंथरलं. "देवी आता सूक्ष्म रूपात चालते!" असं म्हणत त्यांनी लोट्यातलं तीर्थ शिंपडलं आणि कापडावर लालभडक ठिपके उमटले. रांगेतल्या लोकांनी हात जोडले.

माडीवरच्या सायन्सच्या बाई रांगेबाहेर इस्त्रीची साडी घेऊन उभ्या होत्या. निवृत्त झाल्या तरी आवाज वर्गातलाच.

"मावशी, लिंबू आहे?"

त्यांनी ठिपक्यांवर लिंबू पिळलं. लाल ठिपके पुन्हा पिवळे!

"रक्त असं लिंबाने पिवळं होत नाही. कापड हळदीचं, लोट्यात धुण्याचा सोडा. सहावीची पोरं करतात हा प्रयोग."

"आंबटाने देवी रुसली!" बाबा गरजले.

"बरं. मग हे तीर्थ दोन घोट प्या."

"आज माझा निर्जळी उपवास आहे."

रांगेत खसखस पिकली. मावशींना मात्र हसू आलं नाही. "पण बाई, चादरीवरचे डाग?"

"ते खरं रक्त होतं. काळजी त्याचीच आहे."

मावशींनी आत जाऊन ठमीची टोपली उचलली. बाबा दारात आडवे आले. "कोप होईल!"

"होऊ दे माझ्यावर. सरका!"

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ठमीचं पोट तपासलं, सोनोग्राफी केली. "गर्भाशयात पू झालाय. उद्यापर्यंत थांबला असतात तर हाती लागली नसती." त्याच दुपारी ऑपरेशन झालं.

"पण मांजरीला पाळी येते ना हो?" मावशींनी विचारलं.

"बायकांसारखी नाही. माजावर आली की ओरडते, लोळते. रक्त गळत नाही. व्यायल्यावर थोडं जातं, तेवढंच. एरवी दिसलं, तर गर्भ पडलेला असेल, लघवीचा आजार असेल, उंदराचं औषध पोटात गेलं असेल. घरी बसून कळत नाही. त्याच दिवशी आणायचं."

तिसऱ्या दिवशी ठमीने बशीभर पेज चाटून पुसून खाल्ली. मावशी तिच्याजवळ बसून रडल्या. चार दिवस तिला वेदनेत ठेवलं होतं, ते काही केल्या मनातून जाईना.

लखोटेबाबा झब्बा न घेताच गावातून गेले. दर्शनाला आलेली माणसं आता कपडे घेऊन येतात. मावशी प्रत्येकाला ऐकवतात, "मुक्या जनावराचं रक्त दिसलं की आधी डॉक्टर गाठा. कोपाची भीती वाटली तर वाटू दे, माझेही पाय लटपटत होते. पण चालत राहा."