आडवा टीव्ही

तीन महिने दादाचं एकच पालुपद चाललं होतं, "छोटे, तुझा सिंथेसायझर फाटका वाजतो." तो सिंथेसायझर छोटीने स्वतः बनवला होता, एकेक भाग डाग देऊन जोडलेला. "अरे, तुझा मिक्सर तपास," असं ती सांगून सांगून थकली. पण वाद्यवृंद दादाचा, सगळ्या वाद्यांचा आवाज एकत्र करणारा तो मिक्सरही दादाचा. "मिक्सर कंपनीचा आहे," एवढं बोलून हा शहाणा मोकळा. परवा तर त्याने कळसच केला. शनिवारच्या कार्यक्रमात तिचा भाग रेकॉर्ड केलेला वाजवायचा आणि तिने खाली प्रेक्षकांत बसून ऐकायचं, असं परस्पर ठरवून टाकलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कानांनी पटत नाही ना, मग डोळ्यांनी बघ. तिने माळ्यावरचा जुना डबा टीव्ही खाली काढला. त्याचा ऑसिलोस्कोप करायचा, म्हणजे आवाजाची लाट पडद्यावर दिसते. टीव्हीत चित्र रेखाटणारा उजेडाचा ठिपका तारेच्या दोन कॉइली फिरवतात, एक आडवा, एक उभा. त्यांतली एक सोडवायची आणि तिच्यात अ‍ॅम्प्लिफायरमधून आपला आवाज सोडायचा.

रागाच्या भरात तिने भलतीच सोडवली. पडद्यावर नुसता पांढरा पट्टा उमटला.

"वा, ट्यूबलाइट केलीस," दादा म्हणाला.

ती दात-ओठ खात पुन्हा बसली. पहिली कॉइल परत जोडून दुसरी सोडवल्यावर लाट आली खरी, पण वरून खाली, उभी. मग तिने अख्खा टीव्हीच कुशीवर निजवला.

"आता बघ." सिंथेसायझरची वायर थेट जोडली. लाट गोल, गुळगुळीत. तीच मिक्सरमधून आणली, तर सगळे माथे कात्रीने छाटल्यासारखे सपाट. हाच तो फाटका आवाज.

"या घरगुती खोक्यावर काय भरवसा ठेवायचा?" दादा म्हणाला.

दादाच्या लाडक्या, कंपनीच्याच कीबोर्डची वायर तिने थेट खोक्याला लावली. लाट गोल. मग तीच मिक्सरमध्ये खुपसली. त्याचेही माथे उडाले.

दादा म्हणाला, "मग हे आधी सांगायचं नाही का?"

तिला वाटलं, टीव्ही उचलून याच्या डोक्यात घालावा. तीन महिने ती दुसरं काय सांगत होती? तिचा भाग रेकॉर्ड केलेला पेनड्राइव्ह मिक्सरवरच पडला होता. तो तिने दादाच्या शर्टाच्या खिशात टाकला.

"शनिवारी मी वाजवणार आहे," ती म्हणाली. "हा तू घरी ऐक."