दर्रेतूतचे विसावे घर

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, ही तर नुसती लोखंडाची कडी. खरे आहे. दर्रेतूत गावात खावर खानूमच्या तुतीच्या लाकडाच्या दारावर मी सत्तर वर्षे लटकते आहे. एका मोडक्या फावड्याचे लोखंड तापवून लोहाराने मला घडवले आणि उरलेल्या तुकड्यातून माझ्या भावाला. तो उजव्या फळीवरचा जाड दांडा, मी डाव्या फळीवरची बारीक कडी. पुरुष आला की त्याने भावाला वाजवायचे, बाई आली की तिने मला. आवाजावरूनच आत कळायचे, दार कुणी उघडायचे ते.

माझे दिवस सुखात गेले. गरम रोट्या घेऊन आलेल्या शेजारणी, धावत आलेली सुईण, सगळ्यांच्या हातांची ऊब मला आठवते. खावर नवी नवरी होऊन आली तेव्हा तिच्या बोटांना मेंदीचा वास होता. तिने मला इतक्या जोरात वाजवले की सासू दार उघडताना म्हणाली, "हळू गं, कडी आहे ती, ढोल नाही."

पुढे खावरचा नवरा वारला, मुले शहरात गेली. भावाच्या आवाजाला उत्तर द्यायला घरात पुरुष उरला नाही. तो वाजला की खावर आत गप्प बसे. गावच्या पुरुषांना हे ठाऊक होते. काही काम निघाले तर ते बायकोला पाठवत. भावावर गंज चढला, माझी चकाकी राहिली.

गेल्या वर्षी तुतीची पाने पिवळी पडली तेव्हा जनगणना आली. गावात वीस कुटुंबे भरली तरच गावाला स्वतःचा कारभारी आणि शिक्का राहणार होता. नाही तर दर्रेतूत खालच्या गावाची एक वाडी होणार होती. शहरातून आलेल्या गणकाने भावाला तीनदा वाजवले. आत खावर डाळ निवडत होती. तिचे हात थांबले, पण ती उठली नाही. गणकाने वहीत 'रिकामे घर' असे लिहिले आणि दारावर खडूने फुली मारली. मी हाताशीच होते, पण मला आपणहून वाजता येत नाही.

दुपारी कारभारी नुसरतुल्ला आगा गणकाला घेऊन लगबगीने आले. मागोमाग त्यांची बायको गुलअंदाम.

"एकोणीसच भरतात, आगा," गणक म्हणाला. "हे घर बंद आहे. मी तीनदा ठोकलं."

"बंद कसलं? सकाळी धूर निघत होता," असे म्हणत आगांनी घाईत भावालाच हात घातला.

गुलअंदामने तो हात बाजूला सारला. "वीस वर्षं गाव सांभाळलंत, पण काय वाजवायचं ते अजून मीच सांगायचं."

तिने मला दोनदा वाजवले. आतून सपाता घासत येत असल्याचा आवाज आला आणि दार उघडले.

"एवढी माणसं दारात? कोण गेलं?" खावरने विचारले.

"तूच गेलीस, बाई. यांनी तुझं घर रिकामं लिहिलंय."

खावरने फुलीकडे पाहिले, मग गणकाकडे. "पोरा, रिकाम्या घरात चहा उकळतो का? आत ये, बघ."

"खानूम, मी ठोकलं होतं."

"ठोकलंस, पण माझ्या नवऱ्याला हाक मारलीस. तो आठ वर्षं झाली कबरस्तानात आहे. त्याला मोजत असशील तर मोज, तेवढाच एक वाढेल."

गणकाने हसू दाबत वही उघडली. "घरात माणसं किती?"

"एक. आणि नीट अक्षरात लिही."

वीस झाली. आगांनी एवढा मोठा श्वास सोडला की गुलअंदामलाही हसू आले.

चहा झाल्यावर खावरने ओल्या फडक्याने फुली पुसली. मग तेलाचे बोट माझ्यावर फिरवले आणि भावावरही. तो आता फारसा वाजत नाही, तरी.

मित्रांनो, आमच्यासारखे जुने तुकडे भंगारात देऊ नका. वर्षाकाठी तेलाचे एक बोट आम्हाला पुरते. आणि कुठलेही घर रिकामे आहे असे लिहिण्याआधी दुसरी कडी वाजवून पाहा. आत कुणीतरी डाळ निवडत बसलेले असते.