तपकिरी मुळं

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. मिरचीच्या मुळाबद्दल मात्र कुणी काही सांगून ठेवलेलं नाही, त्यामुळे ते शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्याला सात वर्षं झाली.

आमच्या इमारतीच्या तळघरात दादाने ढोबळी मिरची लावली आहे. माती नाही. कमरेच्या उंचीवर पांढऱ्या प्लास्टिकच्या अठरा लांब पन्हळी, वर जाळीच्या पेल्यांत रोपं, आणि खालून खतपाण्याची बारीक धार सतत वाहती. डोक्यावर जांभळट दिवे. खिडकी एकही नाही. रोप वरून जेवढं वाढतं त्याच्या दुप्पट खालून वाढतं. मुळं शेजारच्या रोपाच्या मुळांत शिरतात, गुंततात, पन्हळीच्या टोकाच्या भोकाला बोळा बसतो आणि पाणी जमिनीवर. म्हणून दर पंधरा दिवसांनी प्रत्येक रोप उचलायचं, मुळं पाण्याच्या परातीत सोडायची, बोटांनी विंचरायची आणि तपकिरी पडलेली तेवढी कापायची. पांढऱ्याला हात लावायचा नाही, कारण रोप पाणी पितं ते पांढऱ्या मुळांनी. दर रोपाला कात्री स्पिरिटने पुसायची. आणि हे सगळं मुळं सुकायच्या आत.

ऐकायला सोपं आहे. पण त्या जांभळट उजेडात तपकिरी काय आणि पांढरं काय, सगळं एकाच रंगाचं दिसतं. ओळखायचं बोटांनी. मेलेलं मूळ चिमटीत दबतं आणि बुळबुळतं, जिवंत मूळ ताठ राहतं. हे मला पहिल्या महिन्यातच जमलं, आणि तिथेच मी फसले. ज्याला काम येतं त्याच्याच मागे काम लागतं, हे तेव्हा कळायचं वय नव्हतं. दादाने स्वतः एकदाच करून पाहिलं होतं. दादाचा हात म्हणजे फावडं. त्याने अर्धी पन्हळ पेल्यांसकट उपटली आणि म्हणाला, "तुझ्या हातालाच ते कळतं बघ." मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. आता आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारावीशी वाटते.

यंदा मला एका रोपवाटिकेतून बोलावणं आलं. दुसऱ्या गावाला, डोंगराच्या उतारावर, उघड्यावर. राहायला खोली. मी मुलाखतीला गेले होते तेव्हा तिथल्या बाईंनी मला वाफ्यांमधून फिरवलं आणि मी सारखी आभाळाकडे बघत होते म्हणून त्या हसल्या होत्या. दादाला सांगितलं तर तो अजिबात चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, भांडून तरी निघाले असते. तो म्हणाला, "जा की, खुशाल जा. फक्त कुणालातरी शिकव आणि जा."

मीच बाहेरच्या दोघी शोधून आणल्या आणि त्यांना शिकवलं. पहिली आठव्या दिवशी गेली. दुसरीला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिने पाच रोपं मुळांपासून मोकळी करून ठेवली आणि तीही गेली. मी रोपवाटिकेकडे दोनदा मुदत मागितली. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा बाई म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी सकाळी आलात तर जागा तुमची. नाहीतर यादीत दुसरं नाव आहे." तसंच टाकून निघावं असं वाटत नव्हतं का? रोज वाटायचं. पण पंधरवड्यात अठराही पन्हळी तुंबल्या असत्या, आणि घरातली पाच माणसं त्या मिरच्यांवरच जगत होती. त्यांतली एक मी होते.

मग दादाने वहिनीला खाली पाठवलं.

वहिनी वरच्या मजल्यावर शिवणकाम करते. खिडकीशी तिचं मशीन आहे, दुपारचं ऊन थेट कापडावर येतं. काळ्या कापडावरची काळ्या दोऱ्याची शिवण ती नुसत्या नखाने शोधून उसवते. मला वाटलं, सुटले. असा हात असल्यावर दोन दिवसांत शिकेल.

ती शिकायला आली ती एप्रन बांधून, मला चिडवतच. "वन्सं, तुमच्या पाताळात यायचं तर काही मंत्र म्हणायचा का?" मी तिचं बोट धरून मुळांवरून फिरवलं. हे दबतं ते कापायचं. हे ताठ आहे ते सोडायचं. तिने मान डोलवली. पहिल्याच दिवशी तिने चार रोपं केली आणि दुसऱ्या दिवशी चारही माना टाकून बसली. परत शिकवलं. परत तेच. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. दरवेळी ती गाल फुगवून म्हणायची, "अय्या, परत चुकलं का? माझ्या मेलीच्या डोक्यातच शिरत नाही." मी रात्री अंथरुणावर पडून तिच्यावर चरफडायचे आणि सकाळी गोड बोलायचे. अडला हरी, दुसरं काय.

शनिवारी सकाळी तिने तिसऱ्या पन्हळीतली सहा रोपं केली आणि हात धुवायला गेली. कापलेली मुळं परातीत पडली होती. ती फेकायला म्हणून मी परात उचलली आणि जिन्यापाशी नेली. जिन्यात साधा पांढरा दिवा आहे. त्याच्या उजेडात मी परातीत पाहिलं आणि तिथेच उभी राहिले.

सगळी मुळं पांढरी होती.

मी दोन बोटांनी चाळून पाहिलं. तळापर्यंत चाळलं. एकही तपकिरी मूळ नव्हतं. ज्याला कळत नाही त्याच्या हातून दोन्ही कापली जातात, पाच पांढरी तर पाच तपकिरी. त्या दुसऱ्या मुलीच्या परातीत मी तेच पाहिलं होतं, सगळी खिचडी. सहा रोपांच्या गुंत्यातून फक्त पांढरी मुळं वेचून कापायची आणि तपकिरी एकूण एक मागे ठेवायची, हे माझ्याच्याने झालं नसतं. त्या उजेडात तर नाहीच. वहिनी वेड पांघरून पेडगावला निघाली होती, आणि मी पाच दिवस तिला वाट दाखवत होते.

ती हात पुसत आली. मी परात तिच्यापुढे धरली. तिने परातीकडे पाहिलं, वरच्या दिव्याकडे पाहिलं, आणि गाल फुगवले नाहीत.

"कधीपासून येतंय?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. "तुझं बोट सुटलं तेव्हाच कळलं होतं." माझ्याशी ती कधी एकेरीत बोलत नाही. चिडवायचं असलं तरी वन्सं आणि तुम्ही. ती पायरीवर बसली. "त्याला सांगू नकोस. मला येतं म्हणून सांगू नकोस."

"वहिनी, सोमवारी माझी जागा जाणार आहे."

"माहितेय."

"मग?"

"मग काय? तू सुटलीस की मी अडकले. तूही महिन्या-दोन महिन्यांसाठीच उतरली होतीस ना या तळघरात? माझं मशीन बंद पडेल. वर पांघरूण घालून ठेवतील, मग त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतील, आणि मग कुणीतरी म्हणेल की जागा अडते."

मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिचं एक अक्षरही खोटं नव्हतं. मी म्हटलं, "आपण दादाला सांगू. तात्पुरतं तू कर आणि त्याने बाहेरचं माणूस शोधावं."

ती हसली. "शोधेल? घरात माणूस मिळालं की शोध संपतो. तुझ्या वेळी शोधलं का त्याने?"

नव्हतं शोधलं. मी परात हातात धरून उभी होते आणि मनात एकच हिशेब चालला होता, की आज शनिवार, उद्या रविवार. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. ती माझी धाकटी बहीण असती तर मी काय केलं असतं, असा विचार मी करायला हवा होता. मी केला नाही. मला त्या वाफ्यांवरचं आभाळ दिसत होतं, आणि हे तळघर, आणि पुढची सात वर्षं.

वरचं दार वाजलं. दादा जिना उतरत आला, हातात रिकामे खोके. तो घाईतच होता, नेहमीसारखा. आम्हा दोघींना जिन्यात बघून तो थांबला.

"काय गं," त्याने मला विचारलं, "जमतंय का हिला?"

वहिनी उठून उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्यात, ती नुसती वाट बघत होती.

"जमतं," मी म्हटलं. "माझ्यापेक्षा चांगलं जमतं."

"बघ!" दादा खूश झाला. "मी म्हणत नव्हतो? हात बसायला वेळ लागतो फक्त. चल, मग तुझी सोमवार पहाटेची गाडी नक्की." त्याने खोके भिंतीशी रचले, वहिनीच्या खांद्यावर थोपटलं, आणि शीळ वाजवत वर गेला. दार बंद झाल्याचा आवाज आला.

मला लाज वाटत होती. आनंदही झाला होता, आणि खरं सांगायचं तर आनंद जास्त होता. वहिनी माझ्या बाजूने आत गेली. तिने कात्री उचलली, स्पिरिटने पुसली. चौथ्या पन्हळीतलं पहिलं रोप एका हाताने खोडाखाली धरून उचललं, मुळं दुसऱ्या परातीत सोडली आणि विंचरली. तिची बोटं कुठेच अडली नाहीत. चिमूट, कात्री. चिमूट, कात्री. सहा-सात वेळा, बस. रोप परत पेल्यात बसवलं तेव्हा बाहेर पाण्याचा एक थेंब सांडला नव्हता. मी वाकून परातीत पाहिलं आणि मुळं चिमटीत धरली. सगळी दबत होती. सगळी मेलेली.

"काही चुकलं का, वन्सं?" तिने विचारलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पुढचं रोप उचलत होती. "तुम्ही आहात तोवर सांगा."

"नाही," मी म्हटलं. "काहीच चुकलं नाही."